मान

माझ्या थाय शिक्षकांनी, क्रूंनी, दोन्ही तळवे एकावर एक ठेवून माझ्या डोक्यामागे नेले आणि कोपरं जवळ घेतली. फार जोर लावलाय असं वाटलं नाही. तरी पुढच्या क्षणी माझे डोळे माझ्याच पायांच्या बोटांवर होते, पाठ वाकली होती आणि क्रूंचा गुडघा माझ्या बरगडीला टेकला होता. मारला नव्हता, नुसता टेकवला होता. खऱ्या लढतीत तो तिथे थांबला नसता. त्यांनी मला सोडलं, दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली, स्वतःच्या टाळूवर बोट ठेवून ते आभाळाकडे नेलं आणि पुन्हा हात पुढे केले. त्या सकाळी मी किती वेळा वाकले ते मोजायचं मी थोड्या वेळानं सोडून दिलं.

या पकडीला थाय भाषेत प्लाम म्हणतात. लांबून बघणाऱ्याला मुआय थाय म्हणजे लाथा आणि ठोसे वाटतात. पण जाणकार म्हातारे खुर्चीत पुढे सरकून बसतात ते दोघं एकमेकांच्या मानेला भिडले की. डोकं ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं अंग. मान छातीच्या खाली गेली की ठोशात दम उरत नाही, पाय उचलत नाही, श्वाससुद्धा अर्धाच येतो. म्हणून प्लामचा पहिला धडा मारण्याचा नसतो, मान न देण्याचा असतो.

मला लहानपणापासून याच्या बरोब्बर उलटा धडा मिळालेला. ‘मान खाली घालून जायचं, मान खाली घालून यायचं.’ आजी हे रोज म्हणायची. रागानं नाही, दप्तर घेतलं का विचारावं इतक्या सहज. शाळेत जाताना, दळण आणताना, पुढे नोकरीला लागल्यावर बसस्टँडवरून घरी येतानाही ते वाक्य माझ्या मानेवर बसलेलंच असायचं. आता मी चौतीस वर्षांची आहे. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, पण मानेला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

माझं गाव कळमेश्वर. नागपूरहून काटोल रोडनं निघालं की फेटरी ओलांडून थोड्याच वेळात येतं. गावाभोवती संत्र्याच्या बागा, एका अंगाला एमआयडीसी, तिथे जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे तयार करणारा मोठा कारखाना, आणि इटारसीकडे जाणारा लोहमार्ग. दिल्लीच्या गाड्या आमच्या स्टेशनातून न थांबता धडधडत जातात. लहानपणी आम्ही फाटकाशी उभ्या राहून डबे मोजायचो. मी पतसंस्थेत रोखपाल आहे. पाच वर्षांपूर्वी नागपुरातल्या एका क्लासात मुआय थाय शिकायला लागले. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळची एसटी, आणि परतीची बस चुकू नये म्हणून घामेजल्या कपड्यांवरच दुपट्टा गुंडाळून पळत सुटायचं.

क्लास वाईट नव्हता. लाथ कशी मारायची, नडगी कशी वळवायची ते मी तिथेच शिकले. पण प्लामची वेळ आली की आम्हा चार मुलींना बाजूला काढून बॅगेवर पाठवायचे. गळ्यात गळे घालणं बरं दिसत नाही, घरचे ओरडतील, असं म्हणायचे. आम्हा चौघींना एकमेकींबरोबर लावता आलं असतं, हे त्यांच्या मनात आलं नाही, आणि इतकी वर्षं मलाही ते तोंड उघडून म्हणता आलं नाही. म्हणजे मी निम्मंच मुआय थाय शिकले होते, आणि उरलेलं निम्मं सगळं मानेशी होतं. ते शिकायला मी थायलंडला निघाले.

घरातून फारसा विरोध झाला नाही, याचं थोडं श्रेय मी अल्फिया पठाणला देते. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपूरची ही मुलगी पोलंडमधल्या युवा जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धेत ८१ किलोंवरच्या गटात सुवर्णपदक घेऊन आली. तेव्हा आमच्या काउंटरवर तो पेपर दिवसभर हातोहात फिरला होता. पोरींनी ठोसे मारणं हे कुठल्या तरी लांबच्या मुलखातलं उरलं नाही, मानकापूरच्या क्रीडा संकुलाइतकं जवळ आलं. आईनं एवढंच विचारलं, “एवढ्या दूर कोणाले मारायले चालली वं?” मी म्हटलं, मारायला नाही, शिकायला. “शिकायले असंन तं जा,” म्हणाली आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बॅगेत कोंबला.

नागपूरहून गीतांजलीनं हावडा, तिथून अडीच तासांचं विमान. २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडनं भारतीयांना व्हिसाशिवाय यायची सवलत दिली होती, म्हणून माझ्यासारखीला हा बेत परवडला. बँकॉकच्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. तिथे आत समुद्रमंथनाचं प्रचंड शिल्प आहे. वासुकीची दोरी, एका टोकाला देव, दुसऱ्या टोकाला असुर, सगळ्यांच्या दंडांचे स्नायू तटतटलेले. मी पाठीवरची बॅग खाली ठेवून ते बराच वेळ बघत राहिले. दोरीच्या कुठल्याच टोकाला बाई नव्हती.

चियांग माईची गाडी रात्रीची. संध्याकाळी निघाली की सकाळी पोचवते. दीड-दोन तासांत अयुथ्या स्टेशन आलं. हे अयोध्येचंच नाव. १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या फौजांनी ही राजधानी जाळली आणि हजारो लोकांना कैद करून नेलं. त्यांत नाय खानोम तोम नावाचा एक लढवय्या होता. १७७४ मध्ये त्यानं ब्रह्मी राजासमोर एकामागून एक मल्ल लोळवले आणि आपली सुटका मिळवली, असं थाय लोक सांगतात. १७ मार्चला दरवर्षी त्याच्या नावानं मुआय थायचा दिवस पाळतात. खिडकीबाहेर फक्त अंधार आणि फलाटावरचा एक पिवळा दिवा होता. पण कैदेतल्या माणसाच्या अंगातली विद्या कुणी काढून घेऊ शकत नाही, एवढी त्या गोष्टीतली गोष्ट माझ्याबरोबर पुढच्या डब्यापर्यंत, झोपेपर्यंत आली.

चियांग माई १२९६ मध्ये वसवलेलं शहर. जुन्या गावाभोवती चौकोनी खंदक, पश्चिमेला दोई सुथेपचा डोंगर. मी मात्र शहरात फार राहिले नाही. आमचा कॅम्प गावाबाहेर, भाताच्या खाचरांच्या कडेला. चारी बाजूंनी उघडी शेड, वर पत्रा, अगदी आमच्या एमआयडीसीतून ट्रक भरभरून निघतो तसाच. ओळीनं टांगलेल्या बॅगा, दोन रिंग, आणि एका खांबावर झेंडूची माळ घातलेलं छोटं देवघर.

पहाटे साडेपाचला धावणं. क्रू मोपेडवरून मागे. मग दोरीच्या उड्या, मग पॅडवर पाच फेऱ्या. ते पॅड हाताला बांधून उभे राहतात आणि ओरडतात: ‘ते’ म्हणजे लाथ, ‘खाव’ म्हणजे गुडघा, ‘सोक’ म्हणजे कोपर, ‘थीप’ म्हणजे पुढची सरळ ढकललाथ. हात, कोपरं, गुडघे, नडग्या, दोन दोन मिळून आठ अंगं. म्हणून याला आठ अंगांची विद्या म्हणतात. लाथ पावलानं मारायची नसते, नडगीनं मारायची. कंबर अशी फिरवायची की उभ्या पायाची टाच पुढे येते. पहिल्या आठवड्यात माझ्या नडग्यांवर जांभळी, हिरवी, पिवळी अशी सगळी ऋतुचक्रं उमटली. त्यावर उपाय म्हणजे नाममन मुआय, पिवळट तेल, निलगिरी आणि बामाच्या मधला वास. ते चोळलं की आधी आग होते, मग गार पडतं. त्या शेडमधल्या प्रत्येक माणसाला, प्रत्येक टॉवेलला, खांबालासुद्धा तो वास होता. आता घरी कुणी झंडू बामची बाटली उघडली तरी मला आधी भाताची खाचरं दिसतात.

क्रू म्हणजे गुरूच. तो शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. साठीकडे झुकलेले, दोन्ही भुवयांवर जुन्या टाक्यांच्या रेषा, बोलणं कमी. मी हिंदुस्थानातून आले हे कळल्यावर ते हसून म्हणाले, ‘खॅक’. या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा, आणि भारतातून, पश्चिमेकडून आलेल्या माणसांनाही तिकडे तेच म्हणतात. लढतीच्या वेळी वाजतो त्या ढोलाच्या जोडीचं नाव ‘क्लोंग खॅक’, म्हणजे पाहुण्यांचा ढोल. त्या ढोलाबरोबर सनईसारखं ‘पी चावा’ आणि आपल्या टाळांसारखे ‘छिंग’. आमच्या धापेवाड्याच्या विठोबापुढे टाळ वाजतात तेव्हा त्यांचा आवाज पायांपर्यंत जातो. इथल्या टाळांचाही तसाच जात होता. फक्त इथे त्या तालावर गुडघे मारायचे होते.

प्लामसाठी क्रूंनी मला एका सतरा वर्षांच्या मुलीबरोबर लावलं. थाय लोक एकमेकांना नुसत्या नावानं कमीच हाक मारतात. वयानं मोठा असेल त्याला ‘पी’, लहान असेल त्याला ‘नोंग’. म्हणजे आपली ताई आणि छोटी. ती मला पी म्हणायची, मी तिला नोंग. ईशान्येकडच्या भातशेतीच्या मुलखातून आली होती, आठव्या वर्षापासून लढत होती, वजन ४७ किलो. माझं तिच्याहून अकरा किलो जास्त. तरी पहिले चार दिवस मी तिच्या हातात मोळीसारखी फिरले.

तिच्या अंगाचा वास, कानाशी तिचा श्वास, गालाला चिकटलेले तिचे ओले केस. इतक्या जवळ मी कुणाच्या किती वर्षांत गेले नव्हते. आमच्याकडे बाया दुःखात एकमेकींच्या गळ्यात पडतात, मयतीला. एरवी हात लांबच. पहिल्या दिवशी मी तिला धरताना बोटं पसरलीच नाहीत, जणू काही मोडेल. तिनं माझा हात उचलून स्वतःच्या कवटीच्या उंचवट्यावर नीट बसवला आणि वर दाबून धरला. इथे. मानेवर नाही, जरा वर. मानेवर धरलं तर ती ताकद लावते, कवटीवर धरलं तर तरफ बसते. मग कोपरं आत, तिच्या गळ्याच्या हाडांवर. कंबर तिच्या कंबरेला लावून. टाचा उचललेल्या. आणि नजर? नजर समोर. खाली पाहिलंस की गेलीस.

पाचव्या दिवशी दुपारी कधीतरी ते घडलं. नोंग ओढत होती, माझी मान हळूहळू चालली होती, आणि एकदम मला हापशीचा रस्ता आठवला.

माझ्या लहानपणी उन्हाळ्यात आमच्या वस्तीला पाणी नसायचं. हापशी दूर. आई डोक्यावर गुंड आणि त्यावर कळशी घ्यायची, माझ्या डोक्यावर लहान गुंड. डोकं आणि गुंड यांच्यामध्ये चुंबळ, आजीच्या जुन्या लुगड्याची घट्ट पिळून केलेली. तो रस्ता मला अंगानं पाठ आहे. नजर दहा पावलं पुढे. हनुवटी जराशी आत. कंबरेखालचं सगळं हलू द्यायचं, कंबरेवरचं काहीच नाही. पाणी हिंदकळलं तर आधी मानेला कळतं, मग कानाला. त्या वाटेवर पारावर बसलेले पुरुष असायचे, सासऱ्यादिरांच्या वयाचे, ज्यांच्यासमोर मान खाली घालायची असते ते सगळे. आणि त्यांच्यासमोरून वस्तीतल्या साऱ्या बाया ताठ मानेनं चालत जायच्या. डोक्यावर गुंड असला की मान खाली घालताच येत नाही. पाणी सांडतं.

आजीनं मला दोन्ही शिकवलं होतं. एक तोंडानं, एक चुंबळ देऊन. मी इतकी वर्षं पहिलंच धरून बसले होते.

मी हनुवटी आत घेतली, टाळू वर नेली, जणू वर गुंड आहे. नोंगनं ओढलं. मान गेली नाही. तिनं झटका दिला. पाणी हिंदकळलं, पण सांडलं नाही. ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या क्रूंना तिनं ओरडून काहीतरी सांगितलं. क्रू आले, त्यांनी स्वतः धरून बघितलं. त्यांनी मला वाकवलं, अर्थातच, पण वेळ लागला. मी हातवारे करून त्यांना गुंड, पाणी, चालणं समजावलं. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, त्यांची आईही पाणी आणायची, कावडीनं. खांद्यावरून.

आता दोरीचं सांगायला हवं, कारण त्याबद्दल न लिहिता मला हे प्रवासवर्णन पुरं करता येणार नाही.

कॅम्पात दोन रिंग होत्या. तिसऱ्या दिवशी मी मोठ्या रिंगच्या कडेवर पाण्याची बाटली ठेवली आणि हात टेकून उभी राहिले. एक वयस्कर शिक्षक धावत आले, त्यांनी माझा हात अगदी हळुवार, दोन बोटांनी उचलून बाजूला केला. ती रिंग पुरुषांची. तिच्यावर मंत्र घातलेत. बाईच्या स्पर्शानं ते उतरतात आणि लढणाऱ्याला इजा होते. आमची रिंग धाकटी, कोपऱ्यातली. तिच्यातसुद्धा पुरुष वरच्या दोरीवरून उडी टाकून आत जायचे आणि आम्ही सगळ्यात खालच्या दोरीखालून. मस्तक पवित्र, पाय हीन, आणि बाईचं शरीर महिन्यातून चार दिवस तसलं, म्हणून पुरुषांचं डोकं जिथून जातं त्या दोरीवरून तिनं जायचं नाही. हे कारण मला कुणी भाषांतर करून सांगावं लागलं नाही. कावळा शिवला म्हणून कोपऱ्यात बसलेल्या आत्या-मावश्या मी पाहिल्या आहेत, लोणच्याच्या बरणीपासून मीही लांब राहिले आहे.

लुम्पिनी हे बँकॉकचं १९५६ सालचं, लष्कराच्या ताब्यातलं स्टेडियम. मुआय थायच्या माणसाला त्या नावाचं महत्त्व सांगावं लागत नाही. तिथे पासष्ट वर्षं बाईनं रिंगला हात लावायचा नव्हता. २०२१ च्या नोव्हेंबरात तिथे पहिल्यांदा दोन बाया लढल्या. त्याहून जुन्या, १९४५ च्या राजदामनर्न स्टेडियममध्ये त्यानंतरच्या वर्षी. आणि मग दार असं उघडलं की २०२४ च्या मार्चमध्ये लुम्पिनीत एक अख्खा कार्यक्रम फक्त बायांच्या लढतींचा झाला. त्यातल्या मुख्य लढतीची विजेती फेटजीजा ही लहानपणी मुलग्यांशी लढून त्यांना हरवायची. नोंगच्या फोनवर तिचाच फोटो होता.

आपण याला मागासलेपण म्हणून नाक मुरडू शकत नाही. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे. बायकांसाठीचा पहिला महाराष्ट्र केसरी सांगलीत झाला तो २०२३ च्या मार्चमध्ये, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं तो जिंकला. म्हणजे लुम्पिनीच्याही नंतर. आखाड्यातली लाल माती, समोर मारुती, आणि बाईचं पाऊल आत पडू द्यायचं नाही, हे आपल्याकडे गावोगाव होतं. कारण काय सांगायचे? मारुती ब्रह्मचारी.

यावरूनच एक गोष्ट आठवते. एका संध्याकाळी क्रूंनी मला जुन्या मुआय बोरानमधला एक डाव दाखवला. अंगाशी खाली बसून आत शिरायचं आणि दोन्ही मुठी एकदम हनुवटीखाली वर न्यायच्या. नाव ‘हनुमान थवाय वेन’, म्हणजे हनुमान अंगठी अर्पण करतो. अशोकवनात सीतेला रामाची अंगठी देताना जसे हात पुढे होतात, तसे हे हात. मी तो प्रसंग हातवाऱ्यांनी सांगायला लागले तसे क्रू खुलले. रामाकीएन हे त्यांचं रामायण, आणि त्यातला हनुमान त्यांचा लाडका. पण त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही. त्याला बायका आहेत, मुलं आहेत. मी त्या रात्री खूप वेळ जागी होते. आपल्याकडे मारुती ब्रह्मचारी म्हणून बाई आखाड्याबाहेर. तिकडे मारुती संसारी, तरी बाई दोरीखाली. मग कारण मारुती नव्हतंच कधी. मला हा नियम चुकीचा वाटतो. पाहुणी आहे म्हणून मी तसं म्हणताना आवाज खाली आणणार नाही, कारण तो माझ्याही घरचा आहे. क्रूंवरची माझी माया यानं कमी झाली नाही, आणि मायेनं माझा राग कमी झाला नाही. दोन्ही एकाच शेडमध्ये राहिले.

तिसऱ्या आठवड्यात नोंगची लढत होती, कुठल्या स्टेडियममध्ये नाही, तासाभरावरच्या एका गावातल्या वाताच्या, म्हणजे बौद्ध मंदिराच्या, जत्रेत. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली. आपली कार्तिकी पौर्णिमा तीच तिकडची दिव्यांची पौर्णिमा; पाण्यात केळीच्या सोपटांचे दिवे सोडतात, आभाळात कागदी कंदील. मंदिराच्या आवारात रिंग उभारलेली, भोवती आकाशपाळणा, भाजलेल्या मक्याचा धूर, उखळात कच्ची पपई, मिरच्या आणि शेंगदाणे कुटणाऱ्या बाया. आवाज ऐकून मला ठेचाच आठवला. फळांच्या गाडीवर फांगची संत्री होती, चियांग माई प्रांताच्याच उत्तरेकडची. मी एक सोलून बघितलं. साल सैल, हाताला सुटणारी, आमच्यासारखी. आंबट मात्र जरा कमी.

सुरुवातीच्या लढती लहान मुलांच्या होत्या. नऊ-दहा वर्षांची पोरं, डोक्याला काही नाही. भोवतीचे पुरुष बोटांच्या खुणांनी पैजा लावत होते. मला ते बघवलं नाही, आणि मी तोंड फिरवून उभी राहिले. २०१८ च्या नोव्हेंबरात एका तेरा वर्षांच्या मुलाचा रिंगमध्ये मार लागून जीव गेला होता. तेव्हा थायलंडमध्ये बारा वर्षांखालच्यांच्या लढती बंद करायची चर्चा फार झाली. ज्या घरात लढतीच्या पैशावर शाळेची फी जाते तिथे बंदीला विरोध का होतो, हे मला समजतं. नोंगच्या मानधनातलेही अर्धे कॅम्पचे आणि अर्धे तिच्या घरचे. तरी लेकराच्या डोक्यावर पैज लागू नये.

नोंगची वेळ आली. मी तिच्या कोपऱ्यात, बादली आणि टॉवेल सांभाळायला. क्रूंनी माझ्या दोन्ही तळव्यांवर एक वस्तू ठेवली आणि खुणेनं सांगितलं, जमिनीवर टेकवू नको. मोंगखोन. लढणाऱ्याच्या डोक्यावर गुरूनं घालायचं कडं, दोऱ्यांवर कापड गुंडाळून घट्ट पिळलेलं, मागे एक शेपूट. शब्द आपला, मंगल. हातात आल्याबरोबर मला ते काय आहे ते कळलं. तीच जाडी, तसाच पीळ, डोक्याच्या घेरात तितकंच बसेल असं. घामानं कडक झालेलं कापड. चुंबळ. दंडाला बांधतात त्या प्राचियतसाठी पूर्वी आईच्या वस्त्राची चिंधी फाडून घेत, असंही नोंगनं मला सांगितलं होतं. आमची चुंबळही लुगड्याचीच.

पुरुष मोंगखोन घालूनच वरच्या दोरीवरून आत जातात. बाईला ते आधी घालता येत नाही, कारण मोंगखोन कशाच्याही खालून न्यायचं नसतं आणि तिला तर दोरीखालूनच जायचं. म्हणून ती आधी आत जाते आणि मग गुरू तिला घालतो. नोंग रिंगच्या कडेशी गेली. मी तिच्या मागे, तळव्यांवर ते मंगल घेऊन. मला वाटलं, आता ती वाकेल. ती वाकली नाही. तिनं पाठ रिंगकडे केली, कडेवर बसली, खालची दोरी दोन्ही हातांनी धरली आणि उताणी होऊन आत सरकली. चेहरा वर. दिव्यांकडे डोळे, त्यांच्या वर आभाळ. दोरी तिच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून मागे गेली आणि एका झटक्यात ती आत उभी होती. या मुली हे कुणाकडून शिकतात मला माहीत नाही. मी तिला विचारलं तेव्हा तिला प्रश्नच कळला नाही. असंच जायचं, म्हणाली, पाठीला कमी खरचटतं.

क्रूंनी मोंगखोन माझ्या हातातून घेतलं, तिच्या डोक्यावर घातलं आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. मग वाद्यं सुरू झाली आणि नोंगनं वाय क्रू केलं, गुरूला वंदन. गुडघ्यांवर बसून तीनदा कपाळ जमिनीला. मग राम मुआय. इथल्या ‘राम’चा अर्थ नाच. चारी कोपऱ्यांत जाऊन हळू, डौलदार पावलं, हात पक्ष्याच्या पंखांसारखे. ती मान जमिनीपर्यंत गेली तेव्हा माझ्या मनाला काही टोचलं नाही. ती तिनं स्वतः दिली होती.

बायांच्या फेऱ्या दोन-दोन मिनिटांच्या, पाच. पहिल्या दोन संथ, एकमेकींचा अंदाज घेणं. तिसरीत ढोल चढला. समोरची मुलगी उंच होती आणि प्लाममध्ये भारी. चौथीत तिनं नोंगचं डोकं धरलं आणि खाली खेचलं. मी बादलीची कडी घट्ट धरली. नोंगची मान छातीपर्यंत गेली, एक गुडघा बसला, दुसरा बसला. भोवतीचे पुरुष प्रत्येक गुडघ्याला एका सुरात हुंकार देत होते. मग तिनं एक हात आतून वर घातला, पोहल्यासारखा, हनुवटी आत घेतली आणि इंचाइंचानं वर आली. तेवढं वर येणं मी आयुष्यात विसरणार नाही. पाचव्या फेरीची घंटा होईपर्यंत तिची मान पुन्हा गेली नाही.

ती गुणांवर हरली. निकाल लागल्यावर रिवाजाप्रमाणे समोरच्या कोपऱ्यात गेली, तिथल्या शिक्षकांना हात जोडले, त्यांनी दिलेल्या बाटलीतलं पाणी प्यायली. मग जशी गेली तशीच उताणी बाहेर आली. मी बर्फाची पिशवी तिच्या बरगडीला धरली. घरी जाताना पिकअपच्या मागच्या बाजूला ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, तोंडाला नाममन मुआयचा वास, हातात अर्धं सोललेलं संत्रं.

मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत आले. कळमेश्वरात आंबिया बहाराची तोड सुरू झाली होती, रस्त्याकडेला क्रेट रचलेले. आई अंगणात वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. जेवणं झाल्यावर म्हणाली, “दाखव तं खरं काय शिकली ते.” मी तिला उभी केली. तिच्या पांढऱ्या केसांमागे, कवटीच्या उंचवट्यावर दोन्ही तळवे ठेवले, कोपरं तिच्या खांद्यांवर. बासष्ट वर्षांची आहे ती. मी जपूनच ओढलं.

तिची मान हलली नाही. मी थोडं जास्त ओढलं. मानेत दोन जाड दोर उभे राहिले, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, दहा पावलांवर.

“ओढ नं वं जोरानं,” ती म्हणाली. “मी काही पडत नाही.”